नऊ पिलांवर फुंकर

माण, १० सप्टेंबर २०२५

चि. साधना,

तुला आणि मुठ्यात डुकरं पाळणाऱ्या सगळ्यांनाच लिहितोय असं समज. गावात कुणाला ताप आला की बोट आधी आपल्या शेडकडे जातं. या अन्यायावर मी वीस वर्षं भाषणं केली. कैलासरावांना नमस्कार. प्राजक्ताला कितवा महिना लागला? इकडे सगळं ठीक. माझा खोकला थांबला.

त्या खोकल्याबद्दलच लिहायचंय.

सोमवारी फोनवर तू म्हणालीस, "दादा, धा-बारा जनावरं खोकत्यात. नाकं गळत्यात, खायला तोंड लावीत न्हाईत." मी म्हणालो, डॉक्टरला कळवू नकोस, गाव उठेल, शुक्रवारी व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालून मोकळी हो. तू विचारलंस, "आन् ह्ये आलं कुटनं?" मी विषय बदलला.

साधना, ते बहुधा माझ्याकडून आलं.

डुकरीण व्याली की बाराव्या दिवशी घरातल्या थोरल्यानं एकेक पिलू मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावर फुंकर घालायची, ही आपल्या आईची रीत. गेल्या आठवड्यात भूगावच्या सभेतून मी थेट तुझ्याकडे आलो, तेव्हा अंगात ताप होता. कैलासराव म्हणाले, "पाव्हणं, लई खोकताय. औंदा ऱ्हाऊ द्या." मी हसलो. "माणसाचा खोकला डुकराला लागतो व्हय?" आणि नऊच्या नऊ पिलांवर फुंकर घातली.

लागतो. आता वाचलं, जाणत्यांना विचारलं. माणसाचा फ्लू डुकराला होतो, डुकराचा माणसाला. नीट शिजवलेल्या मटणातून नाही; खोकल्याशिंकेतून. बहुतेक जनावरं आठवडाभरात सावरतात. पण हा फ्लूच की आणखी काही, ते नाकातला नमुना तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आजारी डुकरं टेम्पोत घातली की दुखणं दुसऱ्यांच्या शेडमध्ये पोचतं.

गरोदर बाईला तर हा ताप फार जड जातो. अशक्त पिलांना बाटलीनं दूध प्राजक्ताच पाजते ना? काल तिला फोन करून शेडकडे फिरकू नकोस म्हणालो. "का वो मामा?" म्हणाली. कारण सांगायला जीभ उचलली नाही. हजार माणसांपुढे कधी अडखळली नाही ती जीभ.

डुकरांना दोष देऊ नका, असं वीस वर्षं ओरडलो. या वेळी ते शब्दशः खरं होतं आणि तेच मी लपवत होतो.

टेम्पोला नाही म्हण, शुक्रवार उजाडू देऊ नकोस. आजच हातोहात पाठवतोय ते हे पत्र खाली ठेवलंस की जनावरांच्या डॉक्टरांना फोन लाव. हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं तर माझं नाव सांग.

फुंकर घालणारा,
तुझा दादा
शैलेश