वरातीची जर्मन गाडी

१२ ऑक्टोबर, सकाळ
गाडी आली. जर्मन, डिझेल, करडी, वय अठ्ठावीस. एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवून निवृत्त झालो, पण आजवर स्वतःचं चाक म्हणजे सायकलचं. ते संपलं. दलाल हम्मूने शपथेवर सांगितलंय की गाडी जर्मनीतल्या एका दंतवैद्याची, आणि तो ती फक्त रविवारी काढायचा. मीटरवर शहाण्णव हजार. अठ्ठावीस वर्षांचे रविवार धरले तर दर रविवारी सहासष्ट किलोमीटर. हिशोब बसतो. गणिताच्या माणसाला फसवणं सोपं नाही.

इत्तो पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, मागची सीट चार ठिकाणी खचलीय, दंतवैद्याला चार बायका होत्या का? बायकोशी वाद घालायचा नाही, असा ठराव.

२० ऑक्टोबर
मुलीचं, विआमचं, लग्न ठरलं. जुलैत, आमच्या अझ्रूपासून दूर, मेक्नेस शहरात. व्याही हाजी मआती सालस माणूस. निरोप आला की नवरीला न्यायला पुतण्याची नवी पांढरी गाडी पाठवतो. मी उलट निरोप धाडला: गाडी आहे. आमची नवरी बापाच्या गाडीतून उतरेल.

विआम सात वर्षांची असताना मेक्नेसच्या बसमध्ये तिला ओकारी झाली. लोक नाकाला रुमाल लावून बघत होते. तेव्हा तिला म्हटलं होतं, तू सासरी जाशील ना, ती आपल्या गाडीतून. तिला हे आठवत असेल-नसेल. मला आठवतं. गाडी घेण्याचं खरं कारण ते. इतर कारणं इत्तोसाठी.

३ नोव्हेंबर
चार दारांना मिळून काच खाली करायचा दांडा एकच. ज्याला वारा हवा त्याने मागून घ्यायचा आणि काम झालं की परत द्यायचा. हम्मू म्हणाला, जर्मन लोक काटकसरी. पटलं.

१७ नोव्हेंबर
सहा माणसं भरली की टॅक्सी सुटते त्या नाक्यावर ब्रेक तपासायला थांबलो, तर एक म्हातारी दोन कोंबड्या घेऊन मागे बसली. मावशी, ही खाजगी गाडी आहे, म्हटलं. हो रे बाबा, पण अजून किती जण यायचेत, असं तिने विचारलं. मी पुन्हा समजावलं. ती म्हणाली, सहा भरेपर्यंत थांबेन, मला घाई नाही. शेवटी तिला बाजारात नेऊन सोडलं. उतरताना दार जोरात आपटू नका म्हणालो, तर म्हणाली, हे दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही. खरंच लागत नाही. तिला कसं माहीत?

ठराव: टॅक्सी-नाक्याजवळ गाडी उभी करायची नाही.

९ जानेवारी, सकाळी साडेआठ
रात्रभर बर्फ. गाडी सुरू नाही. हीटर प्लगचा दिवा लागतो आणि लागूनच राहतो. थंडीत कोणाचंही असंच होतं. मला स्वतःला उठायला आठ वाजतात.

सकाळी ९
जुना इलाज केला. इत्तोची मातीची शेगडी निखाऱ्यांसकट इंजिनाखाली ठेवली. इत्तोने खिडकीतून पाहिलं. म्हणाली, तिला शेगडी आणि मला सर्दी. जेवायला काय आहे विचारलं. म्हणाली, गाडीला विचारा.

सकाळी ११
अख्ख्या गल्लीने धक्का मारला. मशिदीचे मुअज्जिनही आले. पावाच्या भट्टीजवळच्या उताराला गाडी फुर्र करून सुरू झाली आणि सगळे काळे धुरकट झाले. कुणीतरी म्हणालं, मास्तर, आता शाळेत शिकवलेलं सगळं फिटलं. प्रेमाची माणसं आहेत.

ठराव: यापुढे गाडी नेहमी उताराच्या डोक्यावर लावायची. इत्तो म्हणते, मग घरच उताराच्या डोक्यावर बांधायचं होतं.

२२ फेब्रुवारी
मेकॅनिक मअल्लम बुशैबकडे तिसऱ्यांदा. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. हात लावला नाही. मग म्हणाला, मास्तर, गाडी आजारी नाही, थकलीय. मी हसलो. एवढ्या रविवारांत कसली थकेल? त्याने मीटर दाखवला. आकडे पाच. नव्व्याण्णव हजारांनंतर पुन्हा शून्य. किती वेळा शून्य झालंय ते वरच्यालाच ठाऊक, असं म्हणाला.

वरच्याला ठाऊक म्हणजे माणसाला ठाऊक नाही. म्हणजे पुरावा नाही. घरी आलो. ढकलत.

१४ एप्रिल
उन्हाने बॉनेटचा रंग पोपडे धरून सुटला. खालून फिकट निळा निघाला. कंपनीचा प्रायमर असणार. गल्लीतला न्हावी म्हणाला, आपल्या टॅक्स्या पूर्वी याच रंगाच्या होत्या. असतील. जर्मन प्रायमर चांगला असतो, म्हणून टॅक्सीवाल्यांनी तो उचलला असेल.

छपरावर पुट्टीने बुजवलेली चार भोकंही सापडली. दंतवैद्य बर्फावर घसरायला जात असावा. त्या लाकडी पट्ट्या छपरालाच बांधतात.

विआमला रंग दाखवला. ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, बाबा, मला गाडी नको, तुम्ही वेळेवर पोचलात तरी पुरे. पोर मोठी झाली. मी खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो.

८ जून, दुपार
हाजी मआती सहकुटुंब आले. चहा झाल्यावर म्हटलं, चला, गाडी दाखवतो, नाक्यापर्यंत एक चक्कर. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा चहा झाला. पुन्हा किल्ली. तिसरा चहा झाला तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, मास्तर, कशाला त्रास, आम्हाला दिसतेय की. मग फार नम्रपणे म्हणाले की लग्नाच्या दिवशी पुतण्याची पांढरी गाडी मागून रिकामीच येईल, सहज आपली, शोभेला.

शोभेला. मला सगळं कळतं. मी त्यांच्यासमोर हात छातीवर ठेवून सांगितलं: पांढरी गाडी येणार नाही. पाच वाजता तुम्ही दारात स्वागताचं दूध आणि खजूर घेऊन उभे राहा. नवरी या गाडीतून उतरली नाही, तर ही भंगारवाल्याला देईन आणि उरलेलं आयुष्य पायी फिरेन. इत्तोने ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. ती रडत असेल असं वाटलं. ते गेल्यावर कळलं, हसत होती. नंतर रडली. म्हणाली, पोरीच्या लग्नात हट्ट पोरीने करायचा असतो, बापाने नाही.

१७ जुलै, संध्याकाळ
उद्या लग्न. बुशैबने रेडिएटर धुतला, बॅटरी बदलली. बॉनेटच्या निळ्या डागावर मी स्वतः फुलांचा हार बांधला, डाग दिसत नाही. निघायचं साडेतीनला. रस्ता सत्तर किलोमीटर, बराचसा उताराचा. चुकायला जागाच नाही.

१९ जुलै, सकाळ
कालचं लिहितो. जसं झालं तसं.

साडेतीनला किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. गल्लीने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरले, लपवलं नाही. मागे विआम आणि इत्तो. पुढे-मागे वीस-एक गाड्या, सगळ्यांचे हॉर्न, रिबिनी. नाक्यावरून जाताना दोन माणसांनी हात केला. वरात बघून हात केला असेल.

एल हाजेब गावाच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, काटा लाल पट्टीत गेला. मग पांढरी वाफ आणि मग शांतता. कडेला घेतली. वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवत, हात हलवत पुढे निघून गेल्या. त्यांना वाटलं फोटोसाठी थांबलोय. मीही हात हलवत होतो, या या म्हणून. ते आणखी जोरात हॉर्न वाजवत गेले. फोन लावले. हॉर्नमध्ये कोण उचलणार?

चार वाजून दहा मिनिटं. विआम घोळदार कफ्तान सांभाळत रस्त्यावर उभी. मी बॉनेट उघडलं. इंजिनात कुठे काय असतं हे मला ठाऊक नाही, हे नऊ महिन्यांत पहिल्यांदा मान्य केलं. मोठ्याने नाही.

एक भरलेली टॅक्सी थांबली. पुढच्या सीटवरच्या दोघांतला एक म्हातारा उतरला. पांढरा पायघोळ जलाबा, पायात पिवळ्या चपला. आम्हाला सलाम नाही, दुवा नाही. सरळ गाडीकडे गेला आणि मडगार्डवर हात फिरवू लागला, गाईच्या पाठीवर फिरवतात तसा. हार बाजूला करून निळा डाग पाहिला. म्हणाला, चौदा नंबर. अजून जिवंत आहेस होय?

नाव बा अस्सू. अझ्रू ते मेक्नेस, बावीस वर्षं हीच गाडी चालवली. रोज चार फेऱ्या. शुक्रवारी दोन. मी दंतवैद्याचं नाव काढणार होतो. नाही काढलं.

तो म्हणाला, मास्तर, हिचं गरम होणं म्हणजे रुसणं, थांबा जरा. इत्तोकडून फडकं मागितलं, भिजवून एका नळीला गुंडाळलं. पाणी थोडं थोडं घातलं. चप्पल काढून स्टीअरिंगखाली दोन फटके दिले. मग मला म्हणाला, तुम्ही मागे बसा, मागे वजन नसलं की ही चालत नाही. मी किल्ली दिली. माझ्या हातून, माझ्या गाडीची. आणि मागे बसलो, कडेला, विआम आणि इत्तोच्या शेजारी. सीटच्या एका खळग्यात बरोबर मावलो. सुरू झाली. सवयीने तो एल हाजेबच्या नाक्यावर हळू झाला आणि खिडकीतून ओरडला, मेक्नेस, मेक्नेस. इत्तोने त्याच्या पाठीत चिमटा काढला.

पाच वाजून सात मिनिटांनी दारात. उतरताना तो हळूच म्हणाला, मास्तर, इंजिन बंद करू नका, गरम असताना बंद केलं तर पुन्हा उठेल याची हमी नाही. आणि उतरला. ढोल, तुताऱ्या, बायकांचा गलका. सजवलेल्या गाडीच्या स्टीअरिंगवरून पांढऱ्या जलाब्यातला म्हातारा उतरलेला पाहून मुलाकडच्यांनी त्यालाच मिठ्या मारल्या, खांद्याचे मुके घेतले, दुधाचा पेला हातात दिला. तो तहानलेला होता, प्यायला. विआम आणि इत्तोला बायकांनी दुसऱ्या दाराने उचलूनच नेलं. माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडतं. मी सीटवरून पुढे चढलो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलो. काचेतून पाहत होतो. काच खाली करायचा दांडा सापडेना.

असा किती वेळ गेला ठाऊक नाही. एका बाईने मागे येऊन बसत विचारलं, अझ्रूला कधी सुटणार? मला खरोखर माहीत नव्हतं.

उंबऱ्यात विआम थांबली होती. मागे वळून बघत होती. मग कफ्तान दोन्ही हातांनी उचलून, सगळ्यांच्या मधून, ती परत आली. बाहेरून दार उघडलं. हातात दुधाचा पेला, अर्धा. म्हणाली, बाबा, बंद करा आणि चला. म्हटलं, पुन्हा सुरू होणार नाही गं. ती म्हणाली, नको होऊ दे. आत वाकून तिने स्वतः किल्ली फिरवली आणि मुठीत घेतली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. इतकं शांत वाटलं की मला ढोल पुन्हा ऐकू यायला लागले.

मग म्हणाली, बसमध्ये मी ओकले होते त्या दिवशी तुम्ही कबूल केलं होतं. झालं ना आता?

तिचं अर्धं दूध मी प्यायलो. हाजीसाहेबांनी माझी आणि बा अस्सूची अदलाबदल लक्षात आल्यावर दोघांनाही शेजारी बसवलं. आम्ही दोघं गाडीबद्दलच बोललो.

२१ जुलै, दुपार
काल टॅक्सीने घरी आलो. पुढच्या सीटवर दोघांत. बसमध्ये नाही, हे महत्त्वाचं. गाडी मेक्नेसला व्याह्यांच्या दारासमोर आहे. किल्ली विआमकडे. नवरी गाडीतूनच उतरली, म्हणजे शपथ पुरी झाली. भंगाराचा प्रश्नच नाही. बिघाड किरकोळ आहे, हीटर प्लगचाच.

सकाळी विआमचा फोन आला. आवाज सासरचा, जपून. म्हणाली, बाबा, तुमच्या गाडीत चार माणसं येऊन बसलीयत. दोन तासांपासून. उतरत नाहीत. म्हणतात, अझ्रूला जायचंय, अजून दोन आले की निघू. काय सांगू त्यांना?

म्हटलं, सहा झाले की उतरून धक्का मारायला सांग.