'येतो' म्हणजे जातो

मुलुंड,
२ जून २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,
अ. उ. आ. (रागामुळे आशीर्वादात काटछाट केलेली नाही, याची नोंद घ्यावी.)

तुझे सतरा फोन आले. एकही उचलला नाही. फोनवर तुझा आवाज चढला की माझाही चढतो, आणि शेजारचे विष्णूपंत टीव्ही बंद करून ऐकत बसतात. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागद.

मी एकतीस वर्षं मुंबईच्या गोदीत क्रेन चालवली. त्या केबिनमधून एकदाही कुणाच्या डोक्यावर काही पाडलं नाही. अशा माणसाला परक्या देशात, रॉटरडॅमच्या भर रस्त्यात, दोन पोलीस बायका सायकली धरून बघत असताना, पोटच्या मुलीने विचारावं की तुम्हाला अक्कल आहे का? तिथली माणसं थांबून बघत होती. मराठी कळत नसलं तरी ओरडणं सगळ्यांना कळतं. तिकीट बदलून मी तीन आठवडे आधी परत आलो ते उगाच नाही.

आणि गुन्हा काय केला होता मी? एका दिवसासाठी आपण फ्रँकफर्टहून साडेचार तास गाडीने तिथे गेलो. तू तळलेल्या बटाट्याच्या रांगेत होतीस, शिरीषराव पार्किंगची वेळ वाढवायला गेले होते, उर्जा बाकावर बसली होती. तिला 'येतो हं मी' असं रीतसर सांगून मी बंदर दाखवणाऱ्या बोटीवर गेलो. सव्वा तासाची फेरी. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे आता तुला मी शिकवायचं? तुझी आई कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी कधी 'जाते' म्हणाली नाही. उर्जेने तुला सांगितलं की आजोबा लगेच येतायत, आणि तुम्ही बसलात वाट बघत. यात माझी चूक कुठे? आठ वर्षांच्या मुलीला 'येतो' कळत नसेल तर दोष तुमच्या दोघांचा. घरात दिवसभर आपलं जर्मन आल्झो नि गेनाऊ. मी तिला तिथल्या तिथे तेच सुनावलं, आणि आजही तेच म्हणेन.

हापूस संपले. तुझ्यासाठी आटवलेला रस फ्रीझरमध्ये आहे, तो मी एकटा खाणार आहे. बोटीवरून काय पाहिलं ते सांगणार नाही. तू विचारलंही नाहीस.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची पद्धत आहे. या खेपेला मागत नाही.

तुझा,
बाबा

~

फ्रँकफर्ट,
१७ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे. उठल्यावर मात्र भांडणार आहे.

रीतसर सांगून गेलात? कुणाला? सकाळी गाडीत तुम्ही बोटीचं काढलंत तेव्हा मी स्पष्ट नको म्हटलं होतं. आठवडाभर तुम्ही खोकत होतात, नदीवर वारा होता, संध्याकाळी परत साडेचार तास यायचं होतं. शिरीष म्हणाला पुढच्या वेळी नक्की जाऊ. तुम्ही बरं म्हणालात. मार्केट बघितलंत, ती तिरकी पिवळी घरं बघितलीत, म्युझियमच्या धक्क्यावरच्या जुन्या क्रेन्स बघून उर्जेला कुठला दांडा कशाचा ते सांगितलंत. मला वाटलं झालं समाधान. आणि मी पाठ फिरवल्याबरोबर निघून गेलात! आठ वर्षांच्या पोरीला परक्या शहरात पाण्याच्या काठाला एकटी बसवून. तुम्ही म्हणाल की मी समोरच होते. पंचवीस पावलांवर होते, बाबा, नंतर मोजली. आणि पाठमोरी होते.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही खात बसलो. तुमची पुडी झाकून ठेवली होती. ती गार झाली. तुमचा फोन गाडीत चार्जिंगला. शिरीष दोनदा सगळ्या क्रेन्सभोवती फिरून आला, मला वाटलं चढलात की काय एखादीवर. मग पोलीस आले. त्या बाईने विचारलं की अंगात काय होतं, तर मी तपकिरी स्वेटर म्हणाले. निळा होता. स्वतःच्या बापाच्या स्वेटरचा रंग मला सांगता आला नाही. आणि धक्क्याच्या भिंतीला लागून पाण्यात काहीतरी तपकिरी वरखाली होत होतं. ते पुठ्ठ्याचं खोकं आहे हे कळेपर्यंत चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं मी तुम्हाला माफ करणार नाही. त्यानंतर तुम्ही आलात. हसत, हातात कॉफीचा कप घेऊन.

अक्कल काढली ते चुकलं. तो शब्द परत घेते. राग परत घेत नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. तुम्ही उर्जेला सगळ्यांसमोर म्हणालात, एवढी घोडी झालीस, साधं 'येतो' कळत नाही? त्याआधी मीही काही कमी केलं नव्हतं. नक्की काय म्हणाले, नक्की काय म्हणाले, असं तिचे खांदे धरून वीस वेळा विचारलं. तिने वीस वेळा एकच सांगितलं. तिच्या जागी मी असते तर तिसऱ्या वेळी रडले असते.

त्या दिवसापासून उर्जा मराठी बोललेली नाही. एक शब्द नाही. आधीही ती उत्तरं जर्मनमध्येच द्यायची, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावरून मला टोमणेही मारलेत. पण काही गोष्टी मराठीतच होत्या. भूक लागली मराठीत. झोप नाही आली मराठीत. केस विंचरताना 'आई गं' ओरडायची, आता 'आउआ' म्हणते. मी मराठीत बोलले की माझ्या तोंडाकडे बघत राहते, जणू मी तिची परीक्षा घेतेय. रविवारच्या मराठी वर्गात ती टेबलाखाली जाऊन बसली. वर्ग घेणाऱ्या ईप्सिताताईंनी तिला बाहेर काढायचा प्रयत्न केला, शेवटी मला फोन केला.

मी काल रात्रीचं ताट वाढताना सहज विचारलं की काय झालंय. तिने जर्मनमध्ये सांगितलं, अगदी शांतपणे, की मराठीत आपण काही चुकीचं समजलो तर माणसं हरवतात. म्हणून तिला मराठी नको.

आता सांगा, दोष कुणाचा. मी घरात आल्झो म्हणते याचा? आठ वर्षं मी एकटीने तिच्या कानावर मराठी घातली. ऑफिसमधून दमून आल्यावर, आजारी असताना, जर्मनमध्ये सांगितलं तर पटकन होईल हे माहीत असताना. तुम्ही दीड मिनिटात ते घालवलंत. मला तुमचा इतका राग आलाय की तुमचा आवडता कप मी मागच्या फडताळात ढकलून ठेवलाय.

आमरस खुशाल खा. साखर तपासून खा.

लोभाचं नंतर बघू. आधी माझ्या मुलीचं काय करू ते कळवा.

तुमची,
अपूर्वा

~

मुलुंड,
३ जुलै २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. दुसऱ्यांदा त्या ईप्सिताताईंचा आला, त्या बाईंचा काही संबंध नसताना. तिसऱ्यांदा वाचताना स्वतःचा एवढा संताप झाला की समोरचा चहा मोरीत ओतला. विष्णूपंत बुद्धिबळाचा पट घेऊन आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं. बिचारे घाबरून गेले.

आता नीट वाच, मी हे पुन्हा लिहिणार नाही. तू नको म्हणालीस तेव्हाच मी ठरवलं होतं की जायचं. शिरीषराव पुढच्या वेळी म्हणाले. मी त्र्याहत्तरचा आहे, अपूर्वा. पुढची वेळ म्हणजे काय असते ते त्यांना अजून माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं आहे. मला ते बंदर पाण्यावरून बघायचं होतं. जन्मभर तिथून आलेली खोकी मी उचलली, कुठून येतात ते बघायचं होतं. तुला पुन्हा विचारलं असतं तर तू पुन्हा नको म्हणाली असतीस. आणि या वयात मुलीची परवानगी मागायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. म्हणून तू पाठमोरी व्हायची वाट बघितली.

उर्जेला मी 'येतो' म्हणालो ते रीतीप्रमाणे म्हणालो, असं मी तुला लिहिलं. ते खोटं आहे. 'बोटीवर जातो' म्हटलं असतं तर पोरीने लगेच तुला हाक मारली असती. 'येतो' म्हटलं की ती गप्प बसेल हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तो शब्द काढला. आणि परत आलो, पोलीस बघितले, तुझा चेहरा बघितला, तेव्हा अंगाशी आलेलं सगळं मी त्या पोरीवर ढकललं. आठ वर्षांच्या! गोदीत असं कुणी केलं असतं, आपली चूक खाली उभ्या असलेल्या माणसावर ढकलली असती, तर मी त्याला पुन्हा क्रेनखाली उभा केला नसता.

बोटीवर त्या गाइडने सांगितलं की समुद्राकडच्या नव्या धक्क्यांवर क्रेनमध्ये माणूसच बसत नाही. केबिनच नाही. माणूस लांब कुठेतरी ऑफिसात पडद्यासमोर. मी कठडा धरून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं, खरं सांगतो. त्याच वेळी तू पाण्यात बघत होतीस. हे आता एकत्र आठवतं आणि झोप लागत नाही.

सोबत उर्जेसाठी वेगळा कागद आहे. तिला तो मराठीतच वाचून दाखव. कळला नाही तर पुन्हा वाच. माझी बाजू सावरू नकोस, आणि वाचताना आवाज गोड करू नकोस.

लोभ मागण्याचं तोंड मला नाही.

तुझा,
बाबा

(सोबतचा कागद)

चि. उर्जा हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू बरोबर ऐकलंस. मी 'येतो' म्हणालो. तू आईला सांगितलंस की आजोबा येणार आहेत. तेही बरोबर सांगितलंस. तुझं मराठी चुकलं नाही.

मी हरवलो नव्हतो. मी पळून गेलो होतो. आईला कळू नये म्हणून तुला फसवलं. नंतर सगळ्यांसमोर तुला ओरडलो, तेव्हा मला माहीत होतं की चूक माझी आहे. माहीत असून ओरडलो. याला खोटारडेपणा म्हणतात. शब्द कठीण आहे, आईला विचार.

तू मला पाहिजे ते बोलू शकतेस. मी ऐकून घेईन.

तुझे,
आजोबा

~

फ्रँकफर्ट,
२० जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट बुधवारी आलं. तुमचं मला आलेलं पत्र मी बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. त्यावर मला बरंच बोलायचं आहे, आणि त्यातलं काहीही तुम्हाला आवडणार नाही. बोटीसाठी माझ्याशी भांडला असतात तर मी भांडले असते, हरलेही असते कदाचित. तुम्ही भांडलाच नाहीत. मला टाळलंत, याचा राग वेगळा आहे आणि तो बरेच दिवस टिकेल.

उर्जेचा कागद त्याच संध्याकाळी वाचला. आवाज गोड केला नाही, करायला गेले असते तरी झाला नसता. ती जमिनीवर पालथी पडून ऐकत होती. 'पळून गेलो होतो' हे तिने पुन्हा वाचायला लावलं. खोटारडेपणा म्हणजे काय ते विचारलं, जर्मनमध्ये. मी सांगितलं. मग उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही. शिरीष म्हणाला घाई करू नकोस, तर मी त्याच्यावरच खेकसले.

काल दुपारी जेवायला बसलो होतो. वरणभातावर तूप वाढत होते. उर्जेने चमचा ठेवला आणि एकदम सुरू झाली. आजोबा खोटं बोलला. मी बाकावर किती वेळ बसली. मी सगळं खरं सांगितली आणि मलाच ओरडला. मला आजोबाची खूप खूप राग आली आहे. असं सगळं, बाबा, मराठीत! शिरीषने 'राग आला' असं सुधारायला तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. ती थांबली नाही. शब्द सापडला नाही की टेबलावर मूठ आपटायची आणि दुसरा शोधायची. तुम्हाला अरेतुरे करत होती, क्रियापदांची तर पार वाट लावली होती. तूप वितळून भात गार झाला तरी आमच्यापैकी कुणी जेवलं नाही.

बोलून झाल्यावर ती पाणी प्यायली. मी विचारलं, आजोबांना माफ केलंस का?

नाही म्हणाली. जर्मन 'नाईन' नव्हे, नाही.

तुमच्यावरचा लोभ सध्या तिच्या ताब्यात आहे.

तुमची,
अपूर्वा