चार टायरांची उत्तरपूजा

बाबा,

जीपची चावी मी कॉलेजात नेली आहे, शोधू नका. काल तुम्ही अंगणात बसवून घेतलेले रुंद टायर मी सकाळी मोजले. चाकाच्या डिस्कवर ते नीट बसतात, पण स्टीअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतात. शेंदूरजनाघाटला आपल्या संत्र्याच्या बगीच्याच्या फाटकापाशी केवढं वळण आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

दुकानदाराला फोन केला. गाडी अजून चालवलेली नाही, म्हणून तो टायर बदलून द्यायला तयार होता. खोटं नको म्हणून मी, काल तुम्ही टायरांची पूजा केल्याचं सांगितलं आणि तो अडला. "ताई, हळदकुंकू लागलेला माल वापस कसा घेऊ? मले पाप लागन ना!" मी उत्तरपूजेचं विचारलं. "चिंतामण गुरुजी सोता करतीन तं घेतो," म्हणाला.

तेव्हा गुरुजी, तुम्हीच चारही टायरांवर अक्षता टाकून देवाला निरोप द्या. दुकानाचा माणूस बारा वाजता येईल. नवं माप फ्रिजवर लिहून ठेवलं आहे, त्याला तेवढंच सांगा.

बगीच्यात जायला तुम्हाला कुणाची वाट बघायची नाही, हे मला कळतं. रविवारी तुम्हीच चालवा. मी शेजारी बसेन, एकही सूचना देणार नाही आणि रस्त्याकडे बघणारही नाही.

देवश्री