वाळूतली पहिली उडी

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, व्यवसाय शाळेत खेळाचा शिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. प्रकृतीच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही आम्हाला पोचवून मग जाल. एवढी घाई कसली?" मी खिशातला लोखंडी दात त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं. मग ते हसले नाहीत. साक्षीदार म्हणून त्यांची सही खाली आहे.

मी विधुर आहे, मूलबाळ नाही. असाच गेलो तर सगळं धाकट्या भावाकडे जाईल, आणि शाळेमागचा जमिनीचा तुकडा त्याने बिल्डरला आधीच कबूल केला आहे. म्हणून हा कागद.

१. शाळेमागचा तो तुकडा, जो वाटणीत माझ्या नावे आला, धावपट्टी आणि लांब उडीच्या खड्ड्यासह मी 'टोळ' हिला देतो. ती माझी पहिली विद्यार्थिनी, आता माझ्याबरोबर खेळ शिकवते. कागदोपत्री नाव वकिलांकडे आहे. तिथे मुलींनी खेळावं, दुसरं काही होऊ नये. मी नोकरीला लागलो तेव्हा मुली कडेला बसून मुलांच्या उड्या मोजायच्या. मी त्यांना खड्ड्यात उतरवतो म्हणालो, तर मुख्याध्यापकांनी विचारलं, "पोरी पडल्या-बिडल्या तर जबाबदार कोण?"

"मी," म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मुली यायच्या आत पहिली उडी मी मारू लागलो. गावच्या शाळेत आमचे गुरुजी तसंच करत. ज्या वाळूत आपण पडलो नाही तिथे लेकरांना पाठवू नये, असं म्हणत. मी देवाचं नाव घेतो आणि धावतो. ही सवय सगळ्यांना माहीत आहे. भावालाही.

२. राहतं घर भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे. माझी बायको गेली तेव्हा ती नवऱ्याला न सांगता मला डबा पाठवत होती. बँकेतली शिल्लक अनवाणी धावणाऱ्या मुलींच्या बुटांसाठी.

३. माझी शिट्टी त्याच मुख्याध्यापकांना, आता ते निवृत्त आहेत. टोळ स्पर्धेत पहिली आली तेव्हा फोटोत तिला कडेला सारून ते मधे उभे राहिले होते. शिट्टी धुऊन द्यावी.

४. तो लोखंडी दात धाकट्या भावाला. मागच्या महिन्यात तो मैदानावर आला होता.

"दादा, पोरींच्या उड्यांसाठी एवढी जागा अडवून ठेवतात का कोणी?"

"मी आहे तोवर तरी ठेवणार."

"तू आहेस तोवर." तो खड्ड्याकडे बघत राहिला. "पहिली उडी अजून तूच मारतोस का रे?"

त्याच आठवड्यात एका सकाळी माझा पाय घसरला आणि उडी आखूड पडली. पुढे गेलेल्या हाताला काहीतरी टोचलं. मी रोज जिथे पडतो नेमका तिथे, टोक वर करून, तो दात रोवलेला होता. पालापाचोळा ओढायच्या आमच्या वडिलांच्या दाताळ्याचा. तो एकच दात नंतर बसवलेला, इतरांहून जाड, म्हणून लगेच ओळखला. वाटणीत दाताळं धाकट्याकडे गेलं होतं. मी पोलिसांत गेलो नाही. वस्तू त्याची आहे, त्याला परत मिळावी.

५. मी उडी मारणं थांबवणार नाही. मी थांबलो तर माझ्या जागी मूल पडेल. माझ्यानंतर पहिली उडी कोणी मारायची तेही ठरलं आहे. ते काम माझ्या पुतणीने हट्टाने मागून घेतलं आहे. शिकवणीला जाते असं सांगून ती रोज मैदानावर येते आणि बरोबर माझ्याच खुणेवर पडते. बापाला हे ठाऊक नाही. आज सांगितलं तर तिचं येणं बंद होईल.

म्हणून हे कलम त्याला आधी वाचून दाखवावं. मी कसाही गेलेलो असेन, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलगी धावत येईल. मुली यायच्या आत रोज वाळूत बोटं रुतवून सगळा खड्डा चाचपायचं काम मी माझ्या धाकट्या भावाकडे सोपवतो.

लिहून ठेवणार : खेळाचे मास्तर (सही)
साक्षीदार : डॉक्टर (सही)
साक्षीदार : शाळेच्या शिपाईबाई (सही). वाळूतून दात उपसताना त्यांनी पाहिलं आहे. टोळला मिळकत मिळायची असल्याने तिची सही घेतलेली नाही.
ठिकाण : शाळेची खेळाच्या सामानाची खोली
दिनांक : नऊ फेब्रुवारी. उद्या सकाळी सराव आहे.