पन्नास मायक्रोसेकंद

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून ड्रायव्हरच लिहिते; शेजारी अजून आईला विचारतात, कुठल्या गाडीचे?

पेणच्या रामवाडीतल्या दोन खोल्यांत आपण रोह्याच्या कारखान्यांसाठी वजनकाटे कॉम्प्युटरला जोडायची कार्डं बनवायचो, आणि कॉम्प्युटरने त्या कार्डाशी कसं बोलायचं ते लिहिणं, म्हणजे ड्रायव्हर लिहिणं, माझं काम. वजन मागितलं की आकडा तयार करायला कार्डाला पन्नास मायक्रोसेकंद लागायचे. तेवढा वेळ काढायला मी कॉम्प्युटरला उगाचच काही हजारांपर्यंत मोजायला लावलं होतं. तुम्ही पाहिलंत आणि चिडलात. "मोजायला काय लावतेस गो? उद्या वेगवान मशीन आलं तर भराभर मोजून मोकळं होईल आणि कार्डावरचा जुनाच आकडा उचलेल. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची थांबायची सोय हाय, ती खरा वेळ मोजते. ती वापर." मी हो म्हटलं आणि तसंच ठेवलं. चालत होतं ना!

मग एका कारखान्याने नवा कॉम्प्युटर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याला बोलावलं. तिथले खांब गावचे वयस्कर ऑपरेटर दारातच उभे होते. "सायेब, टाकी भरत आली तरी काटा मगाचाच आकडा सांगतोय. मी काचेतून पातळी बघितली म्हणून वॉल्व्ह हातानं बंद केला. खाली दोन माणसं होती." टाकीत आम्ल होतं. मॅनेजर ओरडायला लागले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तपासणी माझी होती. चूक माझी." माझ्याकडे पाहिलंही नाहीत. मी तिथेच बसून ते मोजणं काढलं, सिस्टिमची सोय वापरली. रिकाम्या टाकीत पाणी भरून पाहिलं. पातळीबरोबर आकडा चढत गेला.

परतताना वाटेत गडब गावात चहाला थांबलो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "पेणला तपासताना असं कधी दिसलं होतं?"

"नाय, सर."

तुम्ही मान डोलावलीत. त्याच आठवड्यात कारखान्याला माफीचं पत्र गेलं, तुमच्या सहीनं.

दिसलं होतं, सर. दोनदा. दोन्ही वेळा जुनाच आकडा आला. मी केबल घट्ट केली, तिसऱ्यांदा बरोबर आला, आणि मी कार्ड खोक्यात भरलं. तुमच्या मागे काकू अजून रामवाडीतच असतात. त्यांना तरी हे वाचून दाखवावं असं वाटतं, पण ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.