तिसऱ्या मजल्यावरचं स्टूल

चिमणे,

पालिकेच्या कचेरीत जाऊन येते. वीस वर्षांनी त्यांना एकदाची जाग आलीय, आपल्या इमारतीला लिफ्ट बसवतायत. पण त्यासाठी प्रत्येक भाडेकरूची सही लागते आणि एकटी मीच अडून बसले होते. तू तोंडावर काही बोलली नाहीस, पण तुझा राग मला कळत होता.

आता खरं सांगते. वरच्या मजल्यांवरची माणसं जिना चढताना आपल्या दाराशी दम खायला थांबतात. स्टुलावर टेकतात, पाणी मागतात, चार शब्द बोलतात. माझं दिवसभरातलं बोलणं तेवढंच. लिफ्ट आल्यावर कोण कशाला थांबेल?

पण काल पाचव्या मजल्यावरची नर्स गुडघा धरून त्या स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. मला माझीच लाज वाटली. म्हणून सही करायला चाललेय.

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घे. रोजच्यासारखी तुझ्या खोलीत जेवलीस तरी चालेल.

दाराबाहेरचं स्टूल मात्र एवढ्यात आत घेऊ नकोस. लिफ्ट बसायला सहा महिने तरी लागतील.

आई