चेंडूंच्या पेटीचा वारस

मी, गुन्वर हेल्स्टेन, पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका, राहणार फाल्केनबर्ग, स्वीडन, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे नुसते म्हणून भागत नाही, म्हणून पुरावा देते.

रबरी चेंडू गारठलेल्या सकाळी मलूल पडतो आणि तोच दुपारी उन्हात टणाटण उसळतो, हे वाचणाऱ्याने पाहिले असेलच. चेंडू तोच, हात तोच, फरशी तीच. मग फरक कशाचा? थंड रबर आखडलेले असते. आपटल्यावर मिळालेली ताकद ते आतल्या आत जिरवून टाकते. ऊब मिळालेले रबर दबते आणि चटकन मूळ आकारात येऊन बरीचशी ताकद परत करते. मिनीगोल्फमध्ये अरुंद पट्टीवरून मारलेला चेंडू कडेच्या फळीवर आपटून भोकाकडे वळवायचा असतो. म्हणून आम्ही खेळाडू मे महिन्यात आमचे चेंडू खिशात, काखेत आणि बायका त्याहूनही सुरक्षित ठिकाणी बाळगतो. जिला एवढे सांगता येते ती शुद्धीवर आहे, असे न्यायालयाने समजावे.

१. माझे राहते घर सामानासह माझी मुलगी तोवे हिला द्यावे. तिने स्वयंपाकघराचे पडदे बदलल्यास माझी हरकत नाही. ती बदलणारच आहे.

२. माझी पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायचे गवंड्याचे साधन, मिनीगोल्फ क्लबच्या कार्यकारिणीस द्यावी. सातवी पट्टी डावीकडे कलली आहे हे मी दर वार्षिक सभेत सांगितले आणि दर वेळी उत्तरादाखल मला दालचिनीचा बन मिळाला. आता पाणसळ पट्टीवर ठेवून सर्वांनी बुडबुडा पाहावा. बुडबुडा कोणत्याही गटाचा सभासद नाही.

३. माझी मोटार, तिला जोडायची कॅरॅव्हॅन आणि चेंडूंची पेटी यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

माझे दिवंगत यजमान सिक्स्टन, मी आणि वरच्या मजल्यावरचे अल्गोट ब्रुनबर्ग असे तिघे दर उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने निघत असू. वाटेतले प्रत्येक मिनीगोल्फ मैदान खेळायचे आणि पुढच्या वर्षी तिथूनच उत्तरेला सरकायचे, हा नेम होता. सिक्स्टन गेल्यावर अल्गोट आणि मी तो चालू ठेवला. शेवटी दोनच मैदाने राहिली. त्यांपैकी पहिल्यावर, अठरापैकी सतरा पट्ट्या मी एकेका फटक्यात संपवल्या. असे माझ्या आयुष्यात पूर्वी घडले नव्हते. अठराव्या पट्टीसाठी राखलेला लाल चेंडू सकाळी मी अल्गोटच्या स्वाधीन केला होता.

"अल्गोट, लाल चेंडू दे."

"हा घे. हेरिंग माशांच्या बरणीशेजारी ठेवला होता, बर्फाच्या पेटीत. गारेगार आहे बघ."

"अरे, खिशात ठेवायला दिला होता ना तुला?"

"खिशात बोचतो मला. आणि चेंडूला काय थंडी वाजते का, गुन्वर?"

चेंडू फळीला लागला आणि बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा तिथेच थांबला.

"आता चेंडूला दोष देऊ नकोस," अल्गोट म्हणाला. "मनगट गेलंय तुझं."

मी कॅरॅव्हॅन दक्षिणेकडे वळवली. अल्गोट रेल्वेने परतला. तेव्हापासून जिन्यात भेटलो तर माना हलतात, तोंडे नाहीत. फिनलंडच्या सीमेजवळचे शेवटचे मैदान तसेच राहिले आहे.

पेटी तोवेला द्यावी असाही विचार केला होता. ती म्हणाली, "आई, इतके चेंडू? अगं, आमच्या कुत्र्यालाही एकच पुरतो." म्हणून पेटी, मोटार आणि कॅरॅव्हॅन अल्गोट ब्रुनबर्ग यांना द्यावी. अट अशी, की सोबतच्या जोडपत्रातील कसोटी त्याने आधी करावी, निष्कर्ष मोठ्याने बोलून दाखवावा आणि लाल चेंडू खिशात घेऊन शेवटचे मैदान खेळावे. अट न पाळल्यास पेटी कुत्र्याची.

४. एक खुलासा. साक्षीदारांची नावे त्यांच्यातल्याच एल्वीकडून कळल्यावर काल अल्गोटने मला जिन्यात गाठले.

"तळमजल्यावरचा द्रागान चालतो तुला. मी सहीपुरताही नको?"

"नकोस," मी म्हणाले.

तो वर गेला आणि दार आपटले. इतके थोडके आणि इतके अपुरे उत्तर मी वर्गात कधी दिले नव्हते. ज्याला मृत्युपत्रातून वाटा मिळायचा त्याला कायद्याने साक्षीदार होता येत नाही. कारण एवढेच आहे.

५. डॉक्टरांनी मला या वर्षापासून गाडी चालवायला मनाई केली आहे. हृदयाचे कारण सांगितले. सबब कसोटीसाठी माझ्या मृत्यूची वाट पाहण्याचे बंधन कोणावरही नाही.

फाल्केनबर्ग, ता. ११ मे २०२३
सही: गुन्वर हेल्स्टेन

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना गुन्वरबाईंनी सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सहीआधी त्यांनी आम्हाला रबराविषयी सगळे समजावून सांगितले.

साक्षीदार: एल्वी नूर्डक्विस्ट, द्रागान पेत्रोविच

जोडपत्र (द्रागानने हे आजच अल्गोटच्या दारातून आत सरकवावे, दोन चेंडूंची पिशवी दाराच्या मुठीला अडकवावी)

अल्गोट, दोन्ही चेंडू एकाच जातीचे आहेत. एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. दुसरा सकाळी उठल्याबरोबर खिशात टाक, बोचला तरी, आणि कॉफी होईपर्यंत राहू दे. मग स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीवरून आधी थंड सोड, नंतर उबदार. हाताने जोर देऊ नकोस, नुसते सोड. मनगटाचा प्रश्नच नको. तुझी जमीन म्हणजे माझे छत, तेव्हा मी खालून ऐकत असेन. कोणता जास्त उसळ्या घेतो ते पाहा. पटले तर उबदार चेंडू खिशातच असू दे आणि खाली ये. गाडीची किल्ली माझ्या दाराजवळच्या खुंटीला आहे.